चुंगीतल्या भोजलीचं नाव

गोंदियात भुसाटोली शोधायला पत्ता लागत नाही. रेल्वे लाइन ओलांडा, राइस मिलांच्या मागच्या अंगानं चालत राहा, आणि जिथं तुमच्या डोक्यात, डोळ्यात आणि चहात धानाचा भुसा पडायला लागेल तिथं थांबा. आलीच टोली.

टोलीच्या तोंडाशी जुना चुंगी नाका, म्हणजे जकात नाका, आहे. पूर्वी शहरात शिरणारे ट्रक तिथं बांबू आडवा टाकून थांबवायचे अन् चुंगी वसूल करायचे. मग चुंगीच बंद झाली. नाकेदार गेला, बांबू गेला, तीन खोल्या तेवढ्या राहिल्या. आता पंचवीस वर्षं झाली, तिथं ट्रक थांबत नाहीत, माणसं थांबतात. डोंगरगड, राजनांदगाव, कवर्धा, कुठूनही मिलात कामाला आलेलं कुटुंब बोचकी घेऊन पॅसेंजरमधून उतरलं की स्टेशनवरचा रिक्षावालाच सांगतो, "चुंगी में जाओ. बाई है वहाँ."

ती बाई म्हणजे प्रेमिलाबाई रामटेके. कागदावर बासष्ट वर्षांची, गुडघ्यात ऐंशीची आणि जिभेत अठराची. दवनीवाड्याची लेक, भुसाटोलीची सून. मिलात कामाला जाणाऱ्या बायांची, म्हणजे रेजांची, लेकरं ती दिवसभर सांभाळते. नव्या कुटुंबाला पहिले आठ दिवस झोपायला जागा देते, त्यांचे अर्ज भरून घेते, कोणत्या दुकानात माप मारतात आणि कोणता डॉक्टर खोकला आला तरी सलाईन लावतो, हेही सांगते. हे शेवटचं काम ती सगळ्यात मन लावून करते.

या घराची एक समितीही आहे बरं का. अकरा पुरुष. समिती वर्षातून दोनदा भेटते, पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला, आणि बुंदीची परात रिकामी होईपर्यंत समाजाची फार काळजी करते. अध्यक्ष भूपेंद्रभाऊ, मिलवाले. चार वर्षांपासून नगरपालिकेची निवडणूक येणार येणार म्हणून पांढरा शर्ट घालून तयार बसलेला माणूस. तर या भूपेंद्रभाऊंच्या लक्षात आलं की यंदा राखीच्या दुसऱ्या दिवशी चुंगीवाल्या घराला पंचवीस वर्षं होतात. त्यांनी लगेच दोन गोष्टी ठरवल्या. दारात संस्थापकाच्या नावाचा दगड बसवायचा आणि घराच्या इतिहासाची स्मरणिका काढायची.

इतिहास लिहायला अल्का मॅडम आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका. बाई सोन्यासारखी, पण साधं वाक्य तिला सहन होत नाही. आल्या आल्या त्यांनी वहीत लिहिलं, 'श्रमगंगेच्या तीरावर एक ज्ञानदीप उजळला.' प्रेमिलाबाईनं वाकून पाहिलं.

"मॅडम, इथं गंगा नाही. नाली हाय. अन् दिवा नव्हता, तीन वर्षं लाइनच नव्हती."

"अहो, हे अलंकारिक आहे."

"असू द्या मंग. कोण पाहून राहिलं!"

मॅडमनी जुनं रजिस्टर मागितलं. ते पिठाच्या डब्याखालून निघालं. पहिलं पान उघडलं तर मजकूर असा: 'एक बाई, दोन लेकरं, एक कोंबडी. चहा दिला. भात दिला. झोपले.' दुसरं पान: 'नवरा-बायको, भांडलेले. चहा दिला. भात दिला. वेगवेगळे झोपले.' अशी चाळीस पानं. माणसं शेकडो, नाव एकाचंही नाही.

"नावं कुठं आहेत हो?"

"नाव आठ दिवसानं इचारायचं. आधी चहा, मंग भात, मंग झोप. नाव सगळ्यात शेवटी. हा इथला नेमच हाय. गाव सोडून आलेल्या माणसाले दारातच नाव-जात-गाव इचारलं तं तो पोलीस चौकीत आल्यावानी घाबरते ना बाप्पा!"

"आणि हा नेम कोणी घालून दिला?"

"माझ्या भोजलीनं. हे घरच तिनं चालू केलं. मी तं तिच्या मागं मागं होती."

रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर गेरूनं उमटवलेला एक डावा पंजा होता. मॅडमनी बोटं मोजली. परत मोजली. सहा.

"हीच तिची सही," प्रेमिलाबाई म्हणाली. "डाव्या हाताले सहा बोटं होती. म्हणे, एक बोट वरकामाले दिलं हाय."

"वा! मग लिहू या, संस्थापिका श्रीमती... काय नाव म्हणालात?"

"भोजली."

"हे नाव?"

"नाही. नाव मले मालूम हाय. पण घेता येत नाही."

मॅडमचं पेन हवेतच राहिलं.

आता हे तुम्हाला समजावून सांगावं लागेल, कारण मॅडमना समजावताना प्रेमिलाबाईचा घसा सुकला. छत्तीसगडी बायांत मैत्री करायची एक रीत आहे. श्रावणात टोपलीत गहू पेरतात, त्याची पिवळी कोवळी पाती म्हणजे भोजली. राखीच्या दुसऱ्या दिवशी ती गात गात तळ्यात सोडतात. त्या वेळी ज्या दोघींना जन्माची मैत्री करायची, त्या एकमेकींच्या कानात ती पाती खोवतात. त्याआधी एकदा, शेवटचं, एकमेकींना नावानं हाक मारायची. मग नाव संपलं. त्या घडीपासून ती हिची भोजली आणि ही तिची भोजली. मेलं तरी नाव घ्यायचं नाही. घेतलं की नातं तुटलं. नवऱ्याचं नाव बायका आजकाल मोबाइलवर ओरडून घेतात, पण भोजलीचं नाव? राम राम!

प्रेमिलाबाई तर बौद्ध घरची. तिचा नवरा उदाराम, मिलात हमाल आणि युनियनचा माणूस, ती पाती खोवून आली त्या दिवशी घरी केवढा तापला होता! "बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या बाईनं कानात गवत खोसून घ्यावं? कायले?"

"म्या देव नाही केला, मैत्रीण केली," तिनं सांगितलं होतं. "प्रतिज्ञेत मैत्रीण मना हाय का? दाखवा कोणती ते."

उदारामनं बावीसही मनातल्या मनात म्हणून पाहिल्या. मैत्रीण कुठंच मना नव्हती. तेव्हापासून वीस वर्षं दोघी रोज सकाळी नाक्याच्या दारात भेटायच्या. ती म्हणायची "सीताराम भोजली", ही म्हणायची "जय भीम भोजली", आणि दोघी मिळून चूल पेटवायच्या.

भोजलीही रेजाच होती. मिलात तान्ही लेकरं भुशाच्या ढिगाजवळ झोपवून बाया धान वाळवायच्या. एक दिवस ढीग घसरला आणि एक पोर भुशाखाली गेलं. भोजलीनं हातांनी उकरून काढलं म्हणून वाचलं. त्याच संध्याकाळी ती बंद नाक्यापाशी गेली. त्याला कुलूप होतं. भूपेंद्रभाऊंचे वडील यादोरावजी यांनी ठोकलेलं, कारण त्यांना तिथं बारदाना भरायचा होता. सरकारची जागा, यादोरावजींचं कुलूप. भोजलीनं मिलातली सब्बल, म्हणजे पहार, आणली आणि दोन घावांत ते कुलूप पाडलं. प्रेमिलाबाई बाजूला कंदील धरून उभी होती. यादोरावजी आले, ओरडले, पण आत सतरा लेकरं एका सुरात रडत होती. त्या आवाजापुढं मोठमोठे मिलमालक टिकत नाहीत. ते कानावर हात ठेवून गेले ते परत आले नाहीत.

हा इतिहास. आता स्मरणिकेतला ऐका: 'स्व. यादोरावजी यांनी श्रमिकांच्या अश्रूंनी व्याकूळ होऊन नाक्याची किल्ली जनतेच्या चरणी अर्पण केली.' हे भूपेंद्रभाऊंनी स्वतः सांगून लिहून घेतलं. पुरावा म्हणून किल्लीही आणली, लाल मखमलीवर चिकटवून, काचेच्या फ्रेमीत.

प्रेमिलाबाईनं फ्रेम हातात घेऊन नीट पाहिली. "भाऊ, किल्ली चरणी अर्पण केली, तं तुमच्या घरी कशी राहिली?"

"वो... स्मृती म्हणून."

"अस्सं. अन् कुलूप आमच्या घरी. फुटलेलं. आम्ही त्यानं मीठ फोडतो."

मीटिंगमध्ये दोन मेंबर खोकले. भूपेंद्रभाऊ हसले, पण हसणं दातांच्या पुढं गेलं नाही.

"देखो बाई, मी काही तुमच्या मैत्रिणीच्या विरोधात नाही. सन्मान झालाच पाहिजे. पण दगडावर एक नाव लागते. पक्कं, कागदावरचं. आणा कागद, लिहू."

कागद आणले. आणि तिथंच गंमत झाली, किंवा रडं म्हणा. भोजलीला जाऊन चार वर्षं झाली होती. तिच्या मुलानं, मुन्नालालनं, आईची पेटी उलटी केली आणि चार कागद निघाले. रेशन कार्डावर नाव होतं चैतीबाई. आधारवर भगवतीन. दवाखान्याच्या चिठ्ठीवर 'डोंगरगढहीन बाई', कारण टोलीत सगळे तिला गावावरूनच हाक मारायचे. आणि मुन्नालालच्या शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव: दाई. पहिलीत गुरुजींनी विचारलं होतं, "आईचं नाव काय रे?" छत्तीसगडी पोरगं, आईला दाईच म्हणणार. गुरुजींनीही वळणदार अक्षरात लिहून टाकलं.

"चार कागद, चार बाया," भूपेंद्रभाऊ म्हणाले. "यातली संस्थापिका कोणती?"

"चारातली एकही नाही," प्रेमिलाबाई म्हणाली. "कचेरीत गेली की सुचंन ते सांगायची ती. खरं नाव पाचवं हाय."

"मग सांगा!"

"सांगता येत नाही ना!"

"लिहून द्या," अल्का मॅडमनी पेन पुढं केलं.

"तोंडानं नाही घ्यायचं अन् हातानं घ्यायचं? ते का कोर्ट हाय, पळवाट काढाले?"

मॅडम हुशार. म्हणाल्या, "मी नावं म्हणते, तुम्ही नुसती मान हलवा." आणि सुरू झाल्या. शांता, कांता, सावित्री, जानकी, कौसल्या. अर्धा तास. रामायण संपलं, महाभारत संपलं, बारा नद्या वाहून गेल्या, फुलं कोमेजली. प्रेमिलाबाई देवळातल्या दगडासारखी बसून. नावच असं होतं की मॅडमच्या तोंडात ते सात जन्मांत आलं नसतं. शेवटी समितीनं पाणी मागवलं आणि ठराव झाला: राखीच्या आत पुराव्यासह नाव मिळालं तर ते, नाहीतर दगडावर स्व. यादोरावजी. दगड कापायला दिला. कोणाच्या नावानं, ते अध्यक्षांनी सांगितलं नाही. दगडवाल्याला मात्र सांगितलं होतं.

घरी उदाराम पेपर वाचत होता. त्यानं सगळं ऐकलं, चष्मा काढला आणि म्हणाला, "एकदा घेऊन टाक ना नाव. ती का वरून पाहून राहिली? आपण वर-बिर मानतच नाही."

"ती नाही पाहून राहिली, मी तं पाहून राहिली ना," प्रेमिलाबाई म्हणाली. "शब्द म्या देला होता. अन् मेलेल्या माणसाले देलेला शब्द तं वापसही घेता येत नाही. कोणाजवळ घेऊ?"

उदारामनं चष्मा परत चढवला. तो पुन्हा पेपरात शिरला, पण पान उलटलं नाही.

प्रेमिलाबाईची खरी भीती दुसरीच होती. उन्हाळ्यात तिच्या छातीत धडधड झाली होती, दोन दिवस दवाखान्यात पडून होती. तिथं छताकडं पाहताना तिला पहिल्यांदा वाटलं, आपण गेलो की ते नावही गेलं. सतराशे लेकरांना जिनं भात भरवला, त्या बाईचं खरं नाव सांगणारं या शहरात कोणी उरणार नाही. उरेल फक्त यादोरावजींची किल्ली.

आणि त्याच संध्याकाळी मुन्नालाल आला. तिशीतला पोरगा, गवंडीकाम करतो, बोलणं कमी. दारातच बसला. मैत्रिणीच्या लेकरानं 'फूलदाई' म्हणायचं असतं, तसं म्हणाला, "फूलदाई, एक बात पूछूँ? मोर दाई के नाव का रिहिस?"

प्रेमिलाबाई दुसऱ्याचं तोंड बंद करायला जगातली पहिली. पण त्या पोरापुढं तिचं स्वतःचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. लेकाला आईचं नाव माहीत नाही, आणि जिला माहीत आहे तिला सांगता येत नाही! तिनं त्याच्या हातात चहा दिला. मग भात दिला. घराचा नेम तो नेम. मग म्हणाली, "उद्याची पॅसेंजर किती वाजता हाय रे?"

दोघं निघाले. दरेकसा आलं, बोगदा गेला, जंगल गेलं, डोंगरगड आलं. तिथून जीप, जीपनंतर पायी. भोजलीचं माहेर कोसमटोला. प्रेमिलाबाई कधी गेली नव्हती, पण वीस वर्षं चुलीपुढं त्या गावाचं इतकं ऐकलं होतं की चिंचेपासून डावीकडं वळायचं हे तिला कोणी सांगावं लागलं नाही. वळली, आणि घराला कुलूप. भाऊ वारलेला, भाचे नागपूरला कामाला. मुन्नालालचं तोंड उतरलं.

तळ्यावर सहा-सात बाया कपडे धूत होत्या. प्रेमिलाबाई तिकडं गेली आणि आपल्या गोंदियाच्या हिंदीत म्हणाली, "बाई, इधर की एक लड़की गोंदिया गई थी, मिल में. बहुत साल हुए."

"का नाव हे ओकर?"

"नाव नहीं ले सकती. भोजली है मेरी."

कपडे आपटणं थांबलं. एक बाई पाण्यातून उठली, ओले हात पुसले आणि प्रेमिलाबाईच्या पाया पडली. दुसरीनं तिला बसायला कोरडा दगड दिला. गोंदियात अकरा शिकलेल्या माणसांना दोन महिन्यांत जे समजलं नाही, ते तळ्यावर एका दमात समजलं. कोणी लिहून मागितलं नाही. कोणी आधार मागितलं नाही.

मग त्या नावं आठवू लागल्या. पण सगळ्या नंतर सून होऊन आलेल्या, त्यांना कुठलं माहीत? तेव्हा प्रेमिलाबाईनं डावा पंजा वर केला आणि उजव्या हाताचं एक बोट त्याला लावून धरलं. सहा.

"अरे! छे अंगरी!" एकीनं वर गावाकडं तोंड करून हाक मारली. "ए सुमित्रादाई! छे अंगरी वाली कोन रिहिस वो?"

ओट्यावर एक म्हातारी सुपात कनकी, म्हणजे तांदळाची चुरी, निवडत बसली होती. गावची जुनी सुईण. दात नाहीत, आवाज मात्र मिलाच्या भोंग्यासारखा. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि साऱ्या तळ्याला ऐकू जाईल असं ओरडली, "छे अंगरी? वो तो मोर बिसाहीन आय! मैं बिसाय हँव ओला, दू मूठा कनकी म!"

मुन्नालाल जागीच उभा राहिला. ओठ हलले त्याचे, आवाज न करता. बि-सा-हीन.

प्रेमिलाबाई खाली बसली. पंचवीस वर्षांनी ते नाव कानावर पडलं होतं, आणि तिच्या तोंडून नाही.

आता नावाची गोष्ट. भोजलीच्या आधीची चार भावंडं जन्मली आणि गेली. पाचवी जन्मली तेव्हा आईनं रीतीप्रमाणं तिला सुईणीला विकून टाकलं, दोन मुठी कनकीला. म्हणजे मरणाला वाटावं, ही या घरची नाहीच. सुईणीनं विकत घेतली म्हणून नाव बिसाहीन, विकत घेतलेली. पोर जगली, पण नाव घेऊन शहरात आल्यावर तिला लाज वाटायची. दोन मुठी चुरीला घेतलेली बाई, असं कचेरीत कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हणून कुठं चैतीबाई, कुठं भगवतीन. खरं नाव तिनं एकदाच सांगितलं होतं, कानात पाती खोवताना, "हाँसबे झन" म्हणून. हसू नको. आणि प्रेमिलाबाई हसली होती, कारण तिचंही घरचं नाव कचराबाई. तेही मरणाला फसवायलाच ठेवलेलं. प्रेमिला हे तर शाळेत मास्तरीणबाईंनी ठेवलं. दोघी तळ्याच्या काठावर पोट धरधरून हसल्या होत्या, एक कचरा आणि एक विकत घेतलेली.

सुमित्रादाईनं चौकशी केली. गेली का पोरगी? कधी? मग थोडा वेळ सुपातली कनकी नुसती चाळत राहिली. मग दगडाचं, समितीचं, किल्लीचं सगळं ऐकून घेतलं आणि उठून लुगडं बदलायला आत गेली.

"कहाँ जा रही हो दाई?"

"गोंदिया. मोर नोनी के घर ए, मैं नइ जाहूँ?" म्हातारी आतून म्हणाली. नोनी म्हणजे लेक.

पुढं राखीचा दुसरा दिवस. चुंगीपुढं मंडप, खुर्च्या, माईक. पिवळ्या साटनखाली झाकलेला दगड. टेबलावर फ्रेमीतली किल्ली, तिला हार. समोर चारशे माणसं, आणि भुसाटोलीत चारशे माणसं म्हणजे कोणत्याही उमेदवाराला छातीत गोड दुखावं अशी गोष्ट. भूपेंद्रभाऊंनी भाषण केलं. पिताजी, अश्रू, किल्ली. अल्का मॅडमच्या श्रमगंगेला पूर आला. मग भाऊ उदार होऊन म्हणाले, "आता आमच्या प्रेमिलाबाई दोन शब्द बोलतील. नाव मिळालं का बाई?" आणि मिस्कील हसले.

प्रेमिलाबाई माईकपाशी आली. "मी नाव नाही घेणार. जिले घेता येते तिलेच इचारा." आणि बाजूला झाली.

मुन्नालालनं म्हातारीला हाताला धरून मंचावर चढवलं. तिनं माईकला तांब्यासारखं दोन्ही हातांनी पकडलं.

"कोन मालिक ए घर के?"

भूपेंद्रभाऊ गालातल्या गालात हसत म्हणाले, "अम्मा, हमारे पिताजी ने चाबी..."

"चाबी रख तोर खीसा म! चाबी त मोरो घर म सात ठन हे." तिनं हात उगारला. "घर कोन उघारिस? मोर बिसाहीन! अउ बिसाहीन ला कोन बिसाइस? मैं! दू मूठा कनकी देके! ओकर दाई कनकी खा डारिस, आज तक नइ लहुटाइस. त नोनी मोर. नोनी मोर, त घर घलो मोर. तैं कोन?"

कनकी वापस आली नाही म्हणून लेक हिची, अन् लेकीनं उघडलेलं घरही हिचं! असा कायदा गोंदियाच्या कोर्टातही कोणी ऐकला नसेल, पण त्यात खोट दाखवा बरं! आधी पाठीमागच्या रेजा हसल्या, मग सगळा मंडप. उदाराम तर खुर्चीवर उभा राहिला आणि जुन्या युनियनच्या आवाजात ओरडला, "बिसाहीनबाई!" चारशे गळ्यांतून उत्तर आलं, "अमर रहे!" आजवर ज्या नावानं कोणी हाक मारत नव्हतं, ते नाव रुळांपलीकडं जाऊन पोचलं.

भूपेंद्रभाऊंचं एक मानावं लागेल. वारा कुठून आहे हे त्यांना धान उपणणाऱ्यांपेक्षा लवकर कळतं. त्यांनी माईक हिसकावला आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणाले, "बिसाहीनबाई अमर रहे! हेच, हेच नाव माझ्या मनात पहिल्यापासून होतं!" इतकं बोलून ते दगडापुढं दोन्ही हात पसरून उभे राहिले, कारण साटन वाऱ्यानं उडत होतं आणि खाली काय कोरलंय हे त्यांना एकट्यालाच माहीत होतं.

एकट्याला कसलं? मुन्नालाल गवंडी आहे, दगड त्यानंच बसवला होता. तो पुढं आला आणि अगदी हळू म्हणाला, "भैया, फिकर मत करो. मैंने सीमेंट अभी कच्चा रखा है." चार जणांनी दगड साटनसकट काढला आणि उलटा फिरवला. मागची बाजू कोरी होती. मुन्नालालनं छन्नी घेतली. आईचं नाव त्यानं तिथंच, मंडपातल्या सगळ्यांसमोर कोरलं, हळूहळू, एकेक अक्षर, कारण लिहायची पहिलीच वेळ होती. मग गेरूत हात बुडवायला सहा बोटं कोणालाच नव्हती, तर रजिस्टरवरचा पंजा पाहून त्यानं तोही कोरला. अल्का मॅडम बाजूला उभ्या होत्या. त्यांनी वही काढली, श्रमगंगा खोडली आणि लिहिलं, 'चहा दिला. भात दिला. झोपले.' त्यांचं आजवरचं सगळ्यात चांगलं वाक्य.

तर आता चुंगीच्या दारात तो दगड आहे. पुढून बिसाहीनबाई, आणि मागून स्वर्गीय यादोरावजी, भिंतीकडं तोंड करून. किल्लीची फ्रेम आत टांगली आहे, तिच्या खाली फुटकं कुलूप, आणि मीठ फोडायला आता वरवंटा आणलाय. सुमित्रादाई आठ दिवसांसाठी आली होती. अजून आहे. घर तपासून घेते म्हणाली.

प्रेमिलाबाई रोज सकाळी दार उघडते, दगडावरचा भुसा पदरानं पुसते आणि "जय भीम भोजली" म्हणून आत जाते. टोलीतल्या पोरांना आता नवा खेळ सापडलाय. नवीन आलेलं एखादं पोरगं मुद्दाम दगडापाशी उभं राहून विचारतं, "बाई, यहाँ क्या लिखा है? पढ़ के बताओ ना!"

"कशी वाचू रे बाप्पा," ती म्हणते, "चष्मा घरी राहिला ना." नाकावरचा चष्मा वर सरकवते आणि चहा ठेवायला जाते.